एक्केचाळिसावं झाड

१

एक ‘नमो मरिये’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात मी एक पर्च साफ करते. घाईघाईत उरकलेली प्रार्थना नव्हे, देवाच्या आईला ऐकू जाईल अशी नीट म्हटलेली. खवले, डोकं, पोट, पाठीचा काटा, की झाला मासा तव्याला तयार. आमच्या किनाऱ्यावर या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. बढाई वाटली तर वाटू द्या. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला एखादी तरी बढाई हवीच.

दर शुक्रवारी डेल्व्होच्या बारमध्ये सगळं गाव तळलेले पर्च खायला जमतं. सोबत राय धान्याचा पाव, कोबीची कोशिंबीर, बटाटे. ते मासे साफ करायचं काम एकोणतीस वर्षं माझ्याकडे आहे. हिवाळ्यात ग्रीन बे या आमच्या खाडीचं पाणी गोठलं की पुरुष मंडळी बर्फावर लाकडी खोपटी ओढून नेतात, बर्फाला भोक पाडून त्यात गळ सोडतात आणि शेगडीपाशी बसून राहतात. दुपार कलली की बादल्या माझ्या मागच्या दाराशी येतात. पर्च हा उजेडाचा मासा. सूर्य बुडाला की तोंड उघडत नाही, म्हणून आमच्याकडचे नवरे रात्री घरी असतात. त्याबद्दल आम्ही बायका पर्चचे उपकार मानतो की नाही, ते विचारू नका.

एकोणीसशे ब्याऐंशीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. एका मंगळवारी माझ्या नवऱ्यानं, नॉर्बर्टनं, बादली आणून सिंकपाशी ठेवली. आत डोकावले तर एकेक पर्च माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत येईल एवढा. पिवळेधमक, आणि अंगावरचे काळे पट्टे आत्ताच ओढल्यासारखे.

"कुठे लागले हे?" मी विचारलं.

"पाण्यात," नॉर्बर्ट म्हणाला. एकतीस वर्षं मला हेच उत्तर मिळत आलं होतं.

पहिल्याच माशाच्या पोटात एक सुई निघाली. शिवायची नव्हे, ख्रिसमसच्या झाडाची सुईसारखी पाती. मी ती बोटावर घेतली. हिरवीगार होती, वाकवली तर वाकत होती, आणि तिला नाताळच्या सकाळचा वास येत होता.

तसं त्यात नवल काही नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. आमच्या बर्फावर दरवर्षी झाडं उभी केली जातात आणि वसंतात बर्फ वितळला की ज्यांना कुणी काढलं नाही ती तळाशी जातात. मासे तिथे चरत असणार. पण वर्षभर पाण्यात कुजलेली पाती काळी पडायला हवी होती. दुसऱ्या माशाच्या पोटात तीन निघाल्या, तिसऱ्यात मूठभर. मी सगळं धुतलं आणि मासे तळले. मोठे मासे बारला चालत नाहीत, बारला ताटात बसतील असेच लागतात, म्हणून ते आम्ही दोघांनीच खाल्ले. चव अशी की नॉर्बर्टनं बोटं चाटली आणि मीही.

२

झाडांचं सांगायला हवं. सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला की गावातले सगळे आपापली ख्रिसमसची झाडं बारच्या अंगणात आणून टाकतात. मासेमारांच्या क्लबचा झाडवाला त्यांतली चाळीस निवडतो. बारच्या धक्क्यापासून सरळ पश्चिमेला, शंभर शंभर पावलांवर, गिरमिटानं बर्फात भोक पाडायचं, त्यात बुंधा रोवायचा, भोवती ओला बर्फ ठासायचा. सकाळपर्यंत झाड दगडात बसवल्यासारखं घट्ट होतं. हा आमचा बर्फावरचा रस्ता. जाताना झाडं उजव्या हाताला, येताना डाव्या हाताला. अचानक वारा सुटून सगळं पांढरं झालं, स्वतःचा हात दिसेना झाला, तरी झाडाला धरून झाडाकडे यायचं. होकायंत्र बाळगणाऱ्याला आमच्याकडे हसतात.

चाळिसाव्या झाडापलीकडे कुणी जात नाही. तिथे प्रवाह आहे, बर्फाचा भरवसा नाही.

बावीस वर्षं झाडवाला होता नॉर्बर्ट. कॉफीच्या डब्याची झाकणं घेऊन त्यांवर खिळ्यानं टोचे मारून तो आकडे उमटवायचा आणि एकेक झाकण एकेका झाडाला ठोकायचा. बावीस वर्षांत एकही माणूस हरवला नव्हता.

त्या वर्षी मात्र त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. कॉफीत मीठ घालून पिऊन दाखवलं पठ्ठ्यानं, पण कबूल केलं नाही. डॉक्टरांनी एप्रिलमध्ये ऑपरेशन सांगितलं होतं. जानेवारीत झाडं लावायला मीच बरोबर गेले, पावलं मी मोजली, रांग मी धरली, आणि गावात सांगितलं की घरात करमत नव्हतं म्हणून गेले.

पण वेंडेल शार्लियेच्या नजरेतून काय सुटणार! वेंडेल क्लबचा अध्यक्ष. मासा खाल्ला की त्याच्या अंगावर गांधी उठतात, त्यामुळे शुक्रवारी सगळे पर्चवर ताव मारत असताना हा कोपऱ्यात चीज लावलेला पाव चघळत बसतो. मासेमारांचा अध्यक्ष आणि माशाला तोंड लावत नाही, यावरून गाव त्याला छळतं आणि तो गावाला.

"नॉर्बर्ट," तो बारमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला, "काल रस्त्यात मला टोपी काढून ‘कशा आहात मॅडम’ म्हणालास. माझी मिशी दिसली नाही?"

"दिसली," नॉर्बर्ट म्हणाला. "म्हणूनच वाटलं तुझी बायको असेल."

बार हसून हसून लोटपोट झाला. वेंडेलही हसला, पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "व्हर्ना, पुढच्या बुधवारी सभा आहे. झाडं दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागतील. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे गं."

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच राग आला. घरी आल्यावर नॉर्बर्ट बूट न काढता बसून राहिला. "झाडं गेली," तो म्हणाला, "तर मग मी बर्फावर कोण? नुसता एक म्हातारा, गळ धरून बसलेला." मला त्याचं फार वाईट वाटलं. त्याला ते दाखवायचं नव्हतं म्हणून त्यानं बूट काढले नाहीत यावरून मी भांडले.

३

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पुन्हा तसलीच बादली आली.

"आता तरी सांग कुठे बसतोस ते."

"एक्केचाळिसाव्यापाशी."

"चाळीसच आहेत, नॉर्बर्ट. मी मोजलीत."

"मग मोजायला शीक. चाळीसच्या पुढे आहे एक. छान भरगच्च झाड. शेंड्यावर चांदणी आहे, जराशी डावीकडे कललेली. फांद्यांवर चंदेरी जर आहे, तुटक तुटक. कुणीतरी न काढताच टाकलंय."

मी सुरी खाली ठेवली. या माणसाला टेबलावरची मिठाची बाटली सापडत नव्हती. सकाळी त्यानं मांजर समजून माझी लोकरी टोपी कुरवाळली होती. आणि त्याला जर तुटलेली दिसत होती.

"धूसर नाही दिसत ते?"

"तेवढंच तर स्वच्छ दिसतंय," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला होता.

मी पुढच्या माशाचं पोट उघडलं. आतून एक चंदेरी धागा निघाला. ओढत गेले तर वीतभर निघाला.

४

गुरुवारी मी त्याच्याबरोबर गेले. ऊन पडलं होतं, पण थंडी अशी की श्वास घेतला तर नाकातले केस कडक व्हावेत. चाळीस झाडं मी मोठ्यांदा मोजली. चाळिसाव्यापाशी थांबले. पुढे नुसता बर्फ होता, वाऱ्यानं झाडून काढलेला, काळा आणि काचेसारखा.

नॉर्बर्ट थांबला नाही. लहान मूल दुकानाकडे जातं तसा सरळ शंभर पावलं गेला आणि बादली उपडी करून बसला. "हे बघ. काय झाड आहे!"

मला झाड दिसलं नाही. पण त्याच्या बुटांपुढे पाण्याचं एक भोक होतं. त्या थंडीत कोणतंही भोक पाच मिनिटांत सायीसारखा बर्फ धरतं, सारखं झाऱ्यानं साफ करावं लागतं. हे धरत नव्हतं. कडा गिरमिटानं पाडल्यासारख्या नव्हत्या, गुळगुळीत होत्या.

"हे तू पाडलंस?"

"होतंच इथे," तो म्हणाला आणि गळाला पर्चचा डोळा लावून दोरी सोडली. आमच्याकडे तसंच करतात. पहिला पर्च मिळाला की त्याचाच डोळा काढून पुढच्याला आमिष. मग मनगटाची ती चाल, जी मी एकतीस वर्षं पाहत आले होते. दोनदा उचल, मग थांब. दोनदा उचल, मग थांब. आमिष हलतं तेव्हा पर्च नुसता बघत येतो. घेतो ते थांबल्यावरच.

पंधरा मिनिटांत बादली भरली. मी त्याला दंडाला धरून परत आणलं. चाळिसाव्या झाडाला हात लावला आणि उगीचच मान वळवून पाहिलं.

होतं. भरगच्च झाड, चांदणी जराशी डावीकडे. वारा माझा रुमाल ओढत होता, आणि त्या झाडाची एकही फांदी हलत नव्हती.

डोळे मिटून उघडले, तर गेलं. उन्हाची तिरीप असेल, मी म्हटलं. आदल्या रात्री झोप नव्हती. नवरा जे सांगतो ते दिसायला लागणं हा बायकांचा जुना आजार आहे, असंही म्हटलं. त्या संध्याकाळी मी मासे पुन्हा तळले आणि आम्ही पुन्हा खाल्ले. याची आजही मला लाज वाटते. पण चव तशी होती खरी.

५

शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बीण लावली. आमचं घर धक्क्याला लागून आहे, सगळी रांग दिसते. मोजली. त्रेचाळीस. पुन्हा मोजली. त्रेचाळीस.

तशीच एप्रनवर कोट चढवून दुर्बिणीसकट बारमध्ये गेले आणि वेंडेलला हाताला धरून खिडकीशी आणलं. "मोज."

त्यानं सावकाश मोजली. "चाळीस."

"त्याच्यापुढे?"

"त्याच्यापुढे मिशिगन राज्य." दुर्बीण खाली करून तो माझ्याकडे बघत राहिला. या वेळी त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "व्हर्ना, तुला किती दिसतात?"

मी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. चाळीसच्या पुढची ती तीन एका तालात हलत होती, अगदी थोडी. वर, वर, मग स्थिर. मला ती चाल ओळखीची वाटत होती, पण कुठली ते आठवेना.

"तू नॉर्बर्टला सांभाळतेस," वेंडेल म्हणाला. "पण तुला कोण सांभाळतंय?"

त्या रात्री घरी आलेल्या सगळ्या मोठ्या पर्चांना मी कचऱ्याच्या पिंपात घातलं. नॉर्बर्ट चिडला, अबोला धरला, मग झोपेत हसला. मी ठरवलं, उद्या याला घराबाहेर पडू द्यायचं नाही.

६

शनिवारी मी चर्चमध्ये वेदीवरचे कपडे इस्त्री करून परतले तेव्हा अकरा वाजले होते. खुंटीवर त्याचा कोट नव्हता. मांडणीवरची बादली नव्हती. आणि बाहेर वारा फिरला होता.

आमच्या बेवर वारा फिरतो तेव्हा आवाज आधी येतो, लांबून मालगाडी यावी तसा. मी दारात उभी असतानाच पहिली पाच झाडं दिसत होती, मग दोन, मग एकही नाही. भर दिवसा सगळं दुधात बुडालं. बर्फावरची माणसं एकेक करून धक्क्यावर पोचत होती, झाडाला धरून झाडाकडे. वेंडेल त्यांची नावं पुकारत होता. सगळे आले. नॉर्बर्ट नव्हता.

"कुणी दोघं दोर बांधून निघा," वेंडेल ओरडला. "व्हर्ना, तू घरात जा."

"घरात काय करू? सरबत?"

मी कपडे वाळत घालायची दोरी घेतली, गुंडाळी मोठी होती, दीडशे पावलांची. मासे कापायची सुरी एप्रनच्या खिशात असतेच. वेंडेल काही बोलायच्या आत मी पहिल्या झाडाला हात लावला होता.

चालताना पावलं मोजायची, शंभर झाले की हात पसरून चाचपायचं. झाड हाताला लागलं की झाकण शोधायचं, त्यावरचे टोचे बोटांनी वाचायचे. नऊ. सतरा. सव्विसाव्यापाशी मी पडले आणि गुडघा फुटला. मला भीती वाटत होती का? वाटत होती. पण तिच्याहून राग मोठा होता. माझ्या नवऱ्याला त्याचं मन जिथे दुखतं नेमकं तिथेच कुणीतरी धरलं होतं. ज्याला काही दिसत नाही त्याला झाड दाखवलं होतं.

चाळिसाव्याला दोरी बांधली. दुसरं टोक कमरेला. आणि मग पुढे गेले.

एक्केचाळिसावं हाताला लागलं. झाकण नव्हतं. बुंधा कोमट होता.

७

बेचाळीस, त्रेचाळीस, आता दहा दहा पावलांवरच. दोरी ताणत आली. इथे वारा थांबला होता. चहूकडे पांढरी भिंत होती आणि मध्ये एवढी मोकळी जागा, एखाद्या खोलीइतकी, आणि त्या खोलीत इतकी शांतता की माझ्या गुडघ्यातून ठिबकणारं रक्त बर्फावर पडताना मला ऐकू आलं.

चव्वेचाळिसाव्यापाशी नॉर्बर्ट गुडघ्यांवर होता. हात लांब केलेला, बोटं फांदीपासून वीतभर दूर. चेहऱ्यावर ते हसू.

"नॉर्बर्ट!"

"आलो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "हे एवढं बघतो. किती स्वच्छ आहे गं."

झाडाभोवती पाण्याचं गोल कडं होतं. झाड बर्फात रोवलेलं नव्हतंच. बर्फ काळा आणि स्वच्छ होता, आणि त्यातून मला बुंधा खाली जाताना दिसला. खाली, आणखी खाली, बारीक होत, अगदी दोरीएवढा होईपर्यंत. आणि ती दोरी जिथे संपत होती तिथे काहीतरी होतं. तळ असेल असं मला आधी वाटलं. मग तो तळ किंचित कलला.

झाड वर उचललं गेलं. मग पुन्हा.

दोनदा उचल. मग थांब.

एकतीस वर्षं पाहिलेली मनगटाची चाल ओळखायला मला एवढा वेळ लागला.  बादलीभर मासे म्हणजे काय, ते समजलं. पर्चचा थवा जागी धरून ठेवायला आम्हीही भोकात मूठभर चारा टाकतो.

झाड स्थिर झालं. चांदणीसुद्धा हलेना. खाली कुणीतरी श्वास रोखून वाट पाहत होतं, आणि नॉर्बर्टची बोटं पुढे सरकली.

मी त्याच्या कॉलरला हात घातला आणि पिठाचं पोतं ओढावं तसं मागे ओढलं. तो पाठीवर आपटला. शहाण्या बाईनं इथेच पळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. चलाख पर्च काय करतो? गळ गिळत नाही, आमिष अलगद तोडतो आणि पळतो, आणि वर बसलेला शिव्या घालत रिकामा आकडा बघत राहतो.

मी सुरी काढली, शेंडा डाव्या हातात धरला आणि चांदणीच्या वीतभर खाली एकाच फटक्यात कापला. जास्तीत जास्त अर्धी ‘नमो मरिये’.

खालून झटका बसला. कुणाला तरी वाटलं होतं, लागला मासा. अख्खं झाड फांद्यांसकट भोकातून खाली गेलं, छत्री मिटावी तसं, आणि मोठा आवाज करत बर्फ आमच्याखाली हातभर उचलला जाऊन पुन्हा बसला. भोकातून पाणी उसळलं. मी त्या पाण्याकडे बघून अशी शिवी दिली की पुढच्या रविवारी पाद्रीबाबांना ती सांगताना मला खूप वेळ लागला.

८

"व्हर्ना," नॉर्बर्ट धापा टाकत म्हणाला, "सगळीकडे झाडं आहेत गं. तिकडेही. तिकडेही."

मलाही दिसत होती. वाऱ्यानं एकही फांदी न हलणारी, प्रत्येकाच्या शेंड्यावर चांदणी, आणि सगळी एका तालात वर येऊन थांबणारी.

"डोळे मीट," मी म्हटलं.

"काय?"

"इतके दिवस डोळ्यांवाचून भागवतोस ना? आता मीट ते. मीही मिटते. माझी कंबर धर."

दोरी आम्हाला चाळिसाव्यापर्यंत घेऊन आली. तिथून पुढे दोरी नव्हती, पण झाकणं होती. नॉर्बर्टनं हातमोजा काढला आणि पत्र्यावर बोट फिरवलं.

"चाळीस," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला. "हा शून्य मी ठोकला तेव्हा खिळा वाकला होता. कळतंय मला."

"चल मग, झाडवाल्या. घरी ने."

आणि त्यानं नेलं. पावलं तोच मोजत होता, रांग तोच धरत होता. मी नुसती मागे, एका हातात त्याचा कोट आणि दुसऱ्यात तो शेंडा. एकोणतीस. अठरा. कितीदा तरी उजव्या बाजूनं वास आला, नाताळच्या सकाळचा, कुणीतरी अगदी जवळ पाव भाजत असल्यासारखा. आम्ही डोळे उघडले नाहीत. सातव्या झाडापाशी वेंडेल आणि दोघंजण दोर बांधून उभे होते, पापण्या पांढऱ्या झालेल्या. वेंडेल नॉर्बर्टच्या गळ्यात पडला.

"मॅडम," नॉर्बर्ट त्याला म्हणाला, "जरा आवरा. लोक बघताहेत."

९

बारमध्ये ब्रँडी पोटात गेल्यावर मी तो शेंडा टेबलावर ठेवला. सगळ्यांना दिसत होता, वेंडेललासुद्धा. पाती हिरवी होती. चांदणी मी उजेडात धरली तेव्हा कळलं की ती पत्र्याची नव्हती. अठरा वर्षं मी खवले काढत होते, खवला मी डोळे मिटूनही ओळखेन. एकच खवला होता तो, तळहाताहून मोठा, कडा चांदणीसारख्या कातरलेल्या. आम्ही पर्चला पर्चचाच डोळा लावतो, यानं आम्हाला स्वतःचा खवला लावला होता.

खवल्यावरच्या रेघा मोजून माशाचं वय काढतात. वेंडेलनं चष्मा लावला, सुईच्या टोकानं मोजायला सुरुवात केली. बराच वेळ मोजत होता. मग त्यानं सुई खाली ठेवली आणि चष्मा टेबलावरच विसरून घरी गेला.

बुधवारी सभा झाली. वेंडेलनंच उठून मांडलं की झाडवाला नॉर्बर्टच राहील आणि यापुढे त्याच्या जोडीला व्हर्ना मासार्ट. क्लबात बाई नको असं कुणी म्हणायची वाट मी बघत होते. कुणी म्हणालं नाही. उलट टेबलं बडवून बडवून त्यांनी डेल्व्होचे तीन पेले फोडले, आणि नॉर्बर्ट असा बसला होता की जणू बिशप. मी रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता अकरा वर्षं झाली. शेंडा बारमध्ये कढईच्या वर टांगलेला आहे. पाती अजून हिरवी आहेत, त्याबद्दल आम्ही बोलत नाही. दर जानेवारीत आम्ही चाळीस झाडं लावतो, आणि एकही माणूस हरवलेला नाही. ऑपरेशननंतर नॉर्बर्टची नजर घारीसारखी झाली आहे, आणि चाळिसाच्या पुढे काय दिसतं ते तो मला सांगतो, मी सिंकपाशी असले की. एका वर्षी पेटलेली शेगडी. एका वर्षी त्याचा मेलेला कुत्रा, शेपूट दोनदा हलवून थांबणारा. आम्ही हसतो. कुणीतरी खाली आमिष बदलून बदलून बघतंय आणि बादली रिकामीच आहे.

काल त्यानं दुर्बीण लावली आणि ती खाली ठेवेचना.

"काय रे?" मी विचारलं.

"आज तू आहेस तिथे," तो म्हणाला. "तुझा एप्रन. तुझा अंबाडा. हात करतेयस मला."

मी मान वर केली नाही. हातात मासा होता. "नुसता हातच करतेय?"

"नाही. बादलीवर बसून पर्च साफ करतेय."

"वेळ किती लागतोय एकेकाला?"

तो बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते, तो प्रार्थना पुटपुटत होता. एक झाली. दुसरी झाली. तिसरी अर्ध्यावर आली तेव्हा तो फिसकन हसला आणि त्यानं दुर्बीण खाली ठेवली.

"पहिलाच चालू आहे अजून."

"शिकायला सांग तिला," मी म्हटलं आणि पुढचा मासा घेतला.